‘हाड कोन खाते गा?’ : हाडखाऊ पेशीच्या पकडीची गोष्ट

मागच्या उन्हाळ्यात आजीने गुंडभर पाणी उचललं आणि कमरेत कट्‌कन आवाज झाला. तालुक्याला नेलं, एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, “मणका दबलाय, हाडं झिजलीत,” म्हणाले, चिठ्ठीवर तीन गोळ्या लिहिल्या आणि पुढच्याला हाक मारली. बाहेर ओसरीत ही गर्दी, तेही किती बोलणार! पण आजीचं समाधान झालं नव्हतं. एसटीत बसल्या बसल्या तिने मला धरलं. “झिजाले मी का पाट्यावर घासली हाडं? झिजते ते विळ्याचं पातं. आंगाच्या आत कोन घासते?”

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. बारावीच्या पोरांना हाडाचा धडा दरवर्षी शिकवतो, पण ‘झीज’ हा शब्द कधी खटकला नव्हता. आजीला खटकला, आणि तिचंच बरोबर होतं. झीज घासल्याने होते. गुडघ्यातल्या कूर्चेला तो शब्द एक वेळ चालेल. मणक्याचं, खुब्याचं हाड विरळ होतं ते घासून नव्हे. ते आतून खाल्लं जातं, आणि खाणारी पेशी आपल्याच रक्तामांसाची असते. तिचं नाव ऑस्टिओक्लास्ट. ग्रीकमधून आलेल्या या नावाचा अर्थ ‘हाड फोडणारी’. स्विस शास्त्रज्ञ केलिकर यांनी १८७३ साली ते रूढ केलं. या लेखात मी तिला हाडखाऊ पेशी म्हणतो.

आजीला एवढं सांगितलं तर तिचा पुढचा प्रश्न तयार. “हाड कोन खाते गा? दात आहेत का तिले?” म्हटलं, दात नाहीत, ती हाडावर तेजाब सोडते. त्यावर ती थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली आणि म्हणाली, “तेजाब वतते, मंग बाजूचं मांस नाही जरत?”

हा प्रश्न मला वर्गात आजवर कुणी विचारलेला नाही. पेशीविज्ञानात मात्र कितीतरी प्रयोगशाळांनी याच प्रश्नावर अनेक वर्षं घालवली आहेत. तेजाब तयार करणं त्या मानाने सोपं. ते सांडू न देता, हाडाच्या नेमक्या तुकड्यावर धरून ठेवणं अवघड. त्यासाठी पेशीला हाडाला असं चिकटावं लागतं की कडेने फट राहता कामा नये. आणि काम झालं की लगेच सुटताही यायला हवं.

आधी ही पेशी कुठली ते बघू. जंतू गिळणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांच्याच घराण्यातली ही. हाडाच्या मगजात मोनोसाइट कुळातल्या पेशी असतात. हाड बांधणाऱ्या पेशी आणि हाडातच चिणून बसलेल्या पेशी एक निरोप धाडतात. रँक-एल नावाचं ते प्रथिन मिळालं की या सुट्या पेशी एकमेकींत मिसळतात आणि एकच दांडगी पेशी होते. तिच्यात केंद्रकं अनेक, कधी पाच-सहा, कधी वीसच्या वर. आकार ५० ते १०० मायक्रॉन, म्हणजे डोक्याचा केस जेवढा जाड तेवढी ही रुंद. पेशींच्या जगात हा पैलवानच.

तिला खलनायक करू नका. मोठ्या माणसाच्या सांगाड्यातलं सुमारे १० टक्के हाड दरवर्षी खाल्लं जातं आणि नव्याने भरलं जातं. बारीक तडे गेलेलं जुनं हाड काढल्याशिवाय नवं भरणार कसं? जुन्या कुडाच्या भिंतीवर लिंपायचं तर आधी पोपडे खरवडावे लागतातच. पाळी गेल्यावर बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन घटतं, खाणाऱ्या पेशींवरचा लगाम सैल होतो, खाणं वाढतं आणि भरणं मागे पडतं. आजीच्या मणक्यात हेच गेली तीसएक वर्षं चाललेलं होतं.

आणि आमच्या अंगणात तर या पेशीचं काम रोज रात्री चालतं. पाच-सहा गावठी कोंबड्या आहेत. अंड्याचं टरफल बहुतांशी रात्रीच घडतं. फार्मच्या अंड्याच्या टरफलाला साधारण २ ग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि रात्री कोंबडी दाणे टिपत नाही. मग तिच्या पायाच्या हाडात, पोकळीच्या आत, खास याच कामासाठी साठवलेलं मऊसर हाड असतं, त्यातलं कॅल्शियम हाडखाऊ पेशी सोडवून देतात. सकाळी आपण आमलेट करतो त्या अंड्याच्या टरफलात कोंबडीच्या नळीचा वाटा असतो. कोंबडी ध्यानात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

आता मूळ मुद्दा, तेजाब आणि फट.

हंडीत मटण शिजायला ठेवताना झाकणाच्या कडेने कणकेची वळी फिरवतात, म्हणजे वाफ कोंडते. हाडखाऊ पेशी तेच करते, फक्त उलटं होऊन: स्वतः झाकण होते आणि हाडाच्या पृष्ठभागाला हंडी समजते. तिच्या तळाशी, कडेकडेने, एक गोल कडं हाडावर घट्ट दाबलं जातं. त्या कड्याला सीलिंग झोन म्हणतात. कड्याच्या आत पेशीच्या पडद्याला असंख्य चुण्या पडतात आणि त्यांतून आम्लाचे कण, म्हणजे प्रोटॉन, खाली पंप केले जातात. बंद जागेत सामू (पीएच) ४.५ पर्यंत उतरतो. बाहेर शरीरातल्या द्रवाचा ७.४. हा फरक आकड्यात लहान दिसतो, पण सामूच्या मोजपट्टीवर प्रत्येक पायरी दहापटीची. म्हणजे कड्याच्या आत आम्लता बाहेरच्या जवळजवळ ८०० पट. आम्लाने हाडातलं खनिज विरघळतं, मग कॅथेप्सिन-के नावाचं विकर (एन्झाइम) उघडं पडलेलं कोलॅजन, म्हणजे हाडातलं धाग्यांसारखं प्रथिन, तोडतं. चुरा पेशीच्या पोटातून वर नेऊन दुसऱ्या बाजूने बाहेर टाकला जातो. खाली राहतो एक खळगा. असे खळगे हौशिप नावाच्या इंग्रज सर्जनने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पाहिले होते. ते कोण करतं हे मात्र फार उशिरा कळलं.

कणकेची वळी ही उपमा इथपर्यंतच चालते. कणीक मेलेली असते, एकदा वाळली की फोडावी लागते. पेशीचं कडं जिवंत असतं, आणि ते कशाचं बनलेलं आहे हे कळलं की गंमत सुरू होते.

प्रत्येक पेशीच्या आत तिचा स्वतःचा सांगाडा असतो. अकरावीच्या पोरांना मी सांगतो, पेशी म्हणजे पाण्याची पिशवी समजू नका, आत बांबू आणि दोर आहेत. यातले सर्वांत बारीक धागे ॲक्टिनचे, जाडी फक्त ७ नॅनोमीटर. ॲक्टिनचे सुटे मणी एकापुढे एक लागून धागा होतो. एका टोकाला मणी लागत असतात, दुसऱ्या टोकाचे गळत असतात. दुसरे जाड, पोकळ धागे म्हणजे सूक्ष्मनलिका, जाडी २५ नॅनोमीटर. त्या पेशीभर पसरलेल्या असतात. आपल्या हाडांच्या सांगाड्याशी तुलना केली की माणूस फसतो, कारण हा सांगाडा दर मिनिटाला मोडत आणि उभा राहत असतो.

साधी पेशी, समजा कातडीतली, पृष्ठभागाला ठिकठिकाणी लांबट ठिपक्यांनी चिकटते आणि त्या ठिपक्यांमधून आत जाड दोर ताणते. त्याने पेशी जागेवर राहते, पण ठिपक्याठिपक्यांमध्ये मोकळी जागा उरते. हाडखाऊ पेशी वेगळी जात वापरते. तिच्या तळाला अतिसूक्ष्म पाय फुटतात, त्यांना पोडोसोम म्हणतात. ‘पोडो’ म्हणजे पाय. एका पोडोसोमची रुंदी आणि उंची अर्धा ते एक मायक्रॉन. एका पेशीला असे शेकडो.

पोडोसोम कसा असतो ते सांगायला मला आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकाचा तंबू आठवतो. दिवाळीनंतर शेतं मोकळी झाली की गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटकं रंगतात. तंबू उभारताना बघा. मध्ये एक जाड खांब, खांबाच्या डोक्यापासून चहूबाजूंना दोर, दोरांची टोकं जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना. पोडोसोममध्येही मध्ये ॲक्टिनचा उभा खांब असतो. तो एका दांड्याचा नाही, फांद्या फुटलेल्या दाट काटेरी कुंपणासारखा असतो; एआरपी-२/३ नावाचं प्रथिनांचं यंत्र जुन्या धाग्याच्या अंगातून ७० अंशांच्या कोनात नवी फांदी काढत जातं. खांबाभोवती ॲक्टिनचेच सैलसर दोर तिरपे उतरतात. आणि त्यांच्या तळाशी गोलाकार मांडलेल्या खुंट्या म्हणजे इंटिग्रिन नावाची प्रथिनं. ती पेशीच्या पडद्यातून आरपार जातात: आतल्या टोकाला टॅलिन, व्हिन्क्युलिन असल्या जोडकड्यांमार्फत दोर बांधलेले, बाहेरच्या टोकाने हाडातल्या प्रथिनांवरची तीन अमिनो आम्लांची एक विशिष्ट खूण पकडलेली. हाडखाऊ पेशीत मुख्य खुंटी अल्फा-व्ही-बीटा-३ या जातीची.

तंबूत खांब जमिनीला खाली दाबतो आणि दोर त्याला ताणून धरतात. दाब आणि ताण एकमेकांना तोलतात म्हणून तंबू उभा राहतो. पोडोसोमचंही तसंच. वाढणारा ॲक्टिनचा खांब हाडावर खाली रेटतो, कडेचे दोर पडद्याला धरून ओढतात. नुसतं डिंकासारखं चिकटणं वेगळं आणि असं रेटून धरणं वेगळं. या पेशीची पकड दुसऱ्या प्रकारची आहे.

पण तंबू रात्रभर टिकतो. पोडोसोम जेमतेम २ ते ४ मिनिटं. आणि त्या मिनिटांतही खांबातले मणी एकसारखे बदलत असतात, जणू नाटक चालू असताना कुणी खालून लाकूड काढतंय आणि वरून नवं घालतंय. हे कळलं ते ॲक्टिनला चमकणारं प्रथिन जोडून जिवंत पेशीचं चित्रीकरण केल्यामुळे. फ्रान्समधल्या एका गटाने २००३ साली अशा फिल्म्सवरून हाडखाऊ पेशी पोडोसोम कसे मांडते ते दाखवलं.

काचेवर नुकत्याच तयार झालेल्या पेशीत पोडोसोमचे आधी पुंजके दिसतात, आठवडी बाजारात माणसं घोळक्याने उभी राहतात तसे. मग पुंजक्यांच्या मध्ये भोकं पडतात आणि रिंगणं होतात. रिंगणं पसरतात, एकमेकांना भिडतात, मिसळतात आणि शेवटी पेशीच्या अगदी कडेने एकच पट्टा उरतो.

इथे मी पहिल्यांदा वाचताना अडलो होतो. रिंगण पसरतं म्हणजे पोडोसोम चालत बाहेर जातात का? नाही. एकही पोडोसोम आपली जागा फारशी सोडत नाही. मग रिंगण सरकतं कसं?

मोहाच्या दिवसांत आमच्याकडे पहाटे फुलं वेचायला जायच्या आधी झाडाखालचा पाला पेटवतात, म्हणजे पिवळी फुलं स्वच्छ जमिनीवर दिसतात. (यातून वणवे लागतात आणि वनखात्याची माणसं ओरडतात, ते वेगळं.) बुंध्याशी काडी लावली की आगीचं कडं होतं आणि ते हळूहळू बाहेर सरकतं. पण कुठलंच पान सरकत नाही. प्रत्येक पान आपल्या जागी पेटतं, क्षणभर जळतं, विझतं. बाहेरचं पेटतं, आतलं विझतं, आणि लांबून बघणाऱ्याला कडं चालताना दिसतं. पोडोसोमचं रिंगण असंच चालतं: बाहेरच्या अंगाला नवे उभे राहतात, आतल्या अंगाचे मोडून पडतात. मोडलेल्यांचे मणी पुन्हा नव्यांच्या कामी येतात. एवढाच फरक की पाला एकदाच जळतो.

म्हणून पोडोसोमचं आयुष्य दोन-चार मिनिटांचं असूनही त्यांचा पट्टा तासन्‌तास टिकू शकतो. या पेशीची पकड म्हणजे सतत चाललेलं काम आहे. काम थांबलं की पकड सुटते.

पट्टा कडेला टिकवून धरायला सूक्ष्मनलिकाही लागतात. त्यांना मोडणारं नोकोडॅझोल हे औषध पेशीवर टाकलं की पट्टा विस्कटतो आणि पोडोसोम पुन्हा घोळक्याने उभे राहतात. औषध धुऊन काढलं की पट्टा परत जमतो. नलिका मोडणारं एक जुनं विष आपल्या जंगलात उगवतं, कळलावीच्या कंदात: कोल्चिसिन. वातरक्तावर त्याची मोजकी मात्रा डॉक्टर देतात. कंद उकरून कुणी औषध करायला जाऊ नये, जिवावर बेततं.

हे सगळं काचेवरचं. खऱ्या हाडावर चित्र आणखी दाट होतं. पोडोसोम इतके जवळ येतात की त्यांचे दोर एकमेकांत गुंततात आणि सुटे खांब ओळखू येईनासे होतात. काही मायक्रॉन रुंदीचं ॲक्टिनचं जाड, सलग कडं दिसतं. तेच आपलं सीलिंग झोन. तंबू तंबू राहत नाहीत, तिकीट न काढणाऱ्या पोरांना आत शिरू न देणारी कनात होते. गंमत अशी की तीच पेशी काचेवर असताना हे करत नाही. पायाखाली हाडाचं खनिज, म्हणजे ॲपेटाइट, किंवा तसलंच एखादं खनिज लागलं तरच करते. म्हणजे पाय नुसते धरत नाहीत, चाचपतातही.

चाचपणी खनिजावरच थांबत नाही. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाचे, खडे घेतले, काही गुळगुळीत केले, काही खडबडीत ठेवले, आणि त्यांवर हाडखाऊ पेशी सोडल्या. खडबडीत पृष्ठभागावर कडी मोठी आणि टिकाऊ झाली, गुळगुळीतवर लहान आणि अल्पायुषी. आजीला हे लगेच पटलं. पाटा गुळगुळीत झाला की मिरची वाटली जात नाही, सरकते. मग टाके घालायला टाकाऱ्याला बोलवावं लागतं. तिच्या लेखी पेशीची अक्कल पाट्याएवढीच होती, आणि मला ते नाकारता आलं नाही.

आता कोंबडीकडे येतो.

१९११ साली न्यूयॉर्कमध्ये पेटन राउस यांनी कोंबडीच्या अंगावरची गाठ वाटून, गाळून, त्या पाण्याने दुसऱ्या कोंबडीला गाठ करून दाखवली. गाठ विषाणूमुळे होते हे मानायला जग तयार नव्हतं. त्यांना नोबेल मिळालं १९६६ साली, पंचावन्न वर्षांनी. त्या विषाणूत गाठ करणारं जनुक होतं, त्याला सार्क म्हणतात. पुढे बिशप आणि वार्मस यांनी दाखवलं की हे जनुक मुळात कोंबडीचंच, निरोगी पेशीतलं, विषाणूने उचललेलं. त्यांना १९८९ चं नोबेल. दरम्यान १९८० च्या दशकात, या विषाणूने बिघडलेल्या पेशी काचेला ठिपक्यांसारख्या छोट्या पायांनी चिकटतात असं दिसलं आणि १९८५ साली त्या पायांना पोडोसोम हे नाव पडलं. आणि १९८४ मध्येच इटलीतल्या संशोधकांना कोंबडीच्या हाडखाऊ पेशींत अगदी तसेच पाय सापडले होते. बिघडलेली पेशी आणि निरोगी हाडखाऊ पेशी एकाच पद्धतीने उभ्या होत्या. हा योगायोग असावा असं वाटण्यासारखं होतं.

१९९१ साली अमेरिकेत सार्क जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. कर्करोगाशी नाव जोडलेलं, शरीरभर सापडणारं जनुक. ते नसेल तर उंदीर जन्मालाच येणार नाही किंवा मेंदू-रक्त कुठेतरी मोठा बिघाड दिसेल अशी अपेक्षा असणार. उंदीर जन्मले. बिघाड दिसला तो दातांत: पुढचे दात बाहेरच आले नाहीत. दात वर यायला जबड्याच्या हाडातून वाट खणावी लागते आणि ती वाट हाडखाऊ पेशी खणतात. या उंदरांची हाडं दगडासारखी भरीव झाली होती. हाडखाऊ पेशी कमी होत्या म्हणावं तर तसंही नाही; भरपूर होत्या, पण हाडावर नुसत्या बसून होत्या.

कारण पायांत होतं. सार्क नसलेल्या पेशीत पोडोसोम कमी बनतात, कडेचा पट्टा होत नाही, आणि जे पोडोसोम बनतात ते जास्त वेळ टिकतात. हे वाक्य मी दोनदा वाचलं होतं. पाय जास्त टिकाऊ, तरी पकड नाही! सार्कचं एक काम म्हणजे जुने पोडोसोम मोडायला आणि नवे उभारायला चालना देणं. ते थांबलं की खांब जागच्या जागी कुजत उभे राहतात आणि कडं जमत नाही. मोहाखालची आग एका जागी धुमसत राहावी तसं.

माणसातही याचा दाखला आहे. किंडलिन-३ नावाचं प्रथिन इंटिग्रिनच्या खुंटीला ‘आता धर’ असं सांगतं. ते नसलेली बाळं फार क्वचित जन्मतात. त्यांचं रक्त थांबत नाही, कारण रक्तबिंबिका (प्लेटलेट) चिकटत नाहीत. जंतुसंसर्ग हटत नाही, कारण पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडू शकत नाहीत. आणि हाडं नको तितकी भरीव होतात, कारण हाडखाऊ पेशीला पोडोसोम नीट बांधता येत नाहीत. तीन वेगळे आजार वाटावेत, मूळ एकच: चिकटता न येणं.

भरीव हाड म्हणजे चांगलं हाड, असा समज आमच्या भागात तरी ठेवू नये. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर ते नसावं. फ्लोराइड हाडाच्या खनिजात शिरलं की ते खनिज आम्लाला सहज दाद देत नाही. वर्षानुवर्षं असं पाणी पोटात गेलेल्या माणसाचं हाड एक्स-रेमध्ये पांढरंशुभ्र दिसतं, आणि त्याला मान वळवता येत नाही.

राहिल्या आजीच्या तीन गोळ्या. एक कॅल्शियमची, एक ड जीवनसत्त्वाची. तिसरी आठवड्यातून एकदाच घ्यायची, ॲलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम. मेडिकलवाला म्हणाला, हाडं मजबूत करायची गोळी. आजीने तिला टॉनिक समजून सूनबाईलाही द्यायचं ठरवलं होतं, ते वेळीच कळलं म्हणून बरं. ही गोळी हाडात काहीच भरत नाही. ती हाडखाऊ पेशीच्या पायावर वार करते.

कसं ते बघा. हे औषध रक्तातून जाऊन हाडाच्या खनिजाला चिकटतं आणि तिथेच दबा धरून बसतं. हाडखाऊ पेशी येते, कडं घालते, आम्ल सोडते, खनिज विरघळतं, आणि त्याबरोबर सुटं झालेलं औषध तिच्याच पोटात जातं. आत ते एक विकर बंद पाडतं. त्या विकरावाचून ऱ्हो, रॅक अशी छोटी प्रथिनं अपुरी राहतात. ही प्रथिनं म्हणजे ॲक्टिनच्या कामावरचे मुकादम. कुठे खांब उभारायचा, कुठे दोर ताणायचा ते सांगणारे. त्यांना पेशीच्या पडद्यावर जागा धरायला चरबीची एक शेपटी लागते आणि तीच बनत नाही. मुकादम भलतीकडे भरकटतात. कडं विस्कटतं, पडद्याच्या चुण्या मिटतात, खाणं थांबतं, आणि पुढे पेशी मरतेही. जी जास्त खाते तिलाच जास्त विष मिळतं, अशी ही योजना आहे. (ही गोळी चालू असताना दात काढायचा असेल तर दातवाल्याला आधी सांगावं, क्वचित जबड्याची जखम भरत नाही.)

शरीराकडे याहून चपळ उपाय आहे. थायरॉइडमधून येणारं कॅल्सिटोनिन हे संप्रेरक हाडखाऊ पेशीला भिडलं की काही मिनिटांत तिचं कडं मोडतं आणि ती आखडून बसते. तिला मारावं लागत नाही, नुसते पाय सोडवले की झालं.

तर आता दर रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर एक कार्यक्रम असतो. चहा नाही, काही नाही. उपाशीपोटी पेलाभर साधं पाणी आणि ती गोळी. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, गोळी अन्ननलिकेत अडकली तर जाळते. आजी खांबाला टेकून ताठ बसते, समोर कोंबड्या उकिरडा उकरत असतात. मी तिला सगळं सांगितलंय, तंबू, आग, मुकादम, सगळं. कोंबडीच्या नळीतलं हाड रात्री टरफलात जातं हे तिला सर्वांत जास्त आवडलेलं दिसतं.

परवा नातीच्या हातात गोळ्यांची पट्टी दिसली तशी ती बसल्या जागेवरूनच ओरडली, “ठेव ते वर! कोंबडीनं टिपली एखांदी, त बिनटरफलाची अंडी झेलाले कोन बसन?”